देवळालीचा वाघ

माझ्यासारख्याने लिहायला बसावं हा आगाऊपणाच आहे, माफ करा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कंत्राटी कामावर. लिहायची सवय परीक्षेपुरतीच. पण हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही – आईलाही नाही. तुमच्या ओळखीतलं कुणी लष्करी अकादमीत निघालं असेल, तर तुम्हाला तरी सांगायला हवं.

प्रमोद माझ्या बाकावरचा सोबती, बारावीपर्यंत. त्याचे वडील देवळाली कॅम्पात लष्करी साहेबांच्या बंगल्यांवर माळी. आणि आता माळ्याचा मुलगा साहेब होणार! अकादमीचं पत्र आल्याचं कळलं तेव्हा मी सायकल अशी हाणली की चेन दोनदा पडली. इंग्रजी वाचायला मीच. प्रमोदचे वडील म्हणजे काका, काकू, त्याची धाकटी बहीण सुजाता समोर बसलेले, आणि मी एकेक ओळ मराठीत सांगतोय – पांढरे शर्ट सहा, काळे बूट दोन जोड. शेवटी एक ओळ होती. हे पत्र, यातले क्रमांक, प्रवासाचा दिवस कुठेही उघड करू नये, इंटरनेटवर तर नाहीच. तीही मीच वाचली. माझ्या तोंडाने.

काका हसले. "आपल्याला कुठं येतंय इंटरनेट."

मला येत होतं.

तेव्हा कॉलेजात सगळ्यांना एका साइटचं वेड होतं. स्वतःचं पान उघडायचं, मित्र जोडायचे. प्रमोदने कॉम्प्युटरला हातही लावला नव्हता. मी सायबर कॅफेत बसून त्याच्या नावाने पान उघडलं. का? आनंद मावत नव्हता म्हणून? की त्या आनंदातला थोडा वाटा माझ्या नावावर यावा म्हणून? दुसरं जास्त खरं आहे. नाशिकरोडच्या स्टुडिओत माझा टाय लावून त्याने काढलेला फोटो टाकला. पत्राची झेरॉक्स माझ्याकडे होती – तीही टाकली. खाली लिहिलं, "सीनियर लोकांनी तयार राहावं. देवळालीचा वाघ येतोय."

उत्तरं धडाधड येऊ लागली. अनोळखी मुलं, दूरदूरच्या गावांची. मी खुर्चीत उड्या मारत होतो.

प्रमोद अकादमीत पोचायच्या आधी ते पान पोचलं होतं. सीनियरांनी ते कागदावर छापून ठेवलं होतं. जेवणाआधी रोज त्याला टेबलावर उभं राहून वाघासारखी डरकाळी फोडावी लागे. तेवढ्यावर भागलं असतं. पण पत्र उघड केलं म्हणून चौकशी लागली, आणि तो एक सत्र, म्हणजे सहा महिने, मागे पडला. घरी परत पाठवायचीही भाषा झाली होती.

हे सगळं मला काकांच्याच घरी कळलं, हातात चहाचा कप असताना.

"ही कॉम्प्युटर क्लासला जाते ना," काका सुजाताकडे बघत म्हणाले. "भिंतीवरचा त्याचा टायमधला फोटो काढून हिनंच नेला असणार."

"बाबा, मी नाही."

"मग कोण? तुझी आई?"

सुजाताने माझ्याकडे पाहिलं. मी बशीत चहा ओतला आणि प्यायलो. दुसऱ्या दिवसापासून तिचा क्लास बंद झाला. पुढे मी त्या घरी जात राहिलो – प्रत्येक सणाला, चार वर्षं. काकू मला आधी वाढत. एकदाही बोललो नाही. बोलायला किती शब्द लागले असते? दोन – मी केलं.

परवा सुजाताचा फोन आला. आवाजात नुसता उत्साह.

"दीपकदादा, आपला दादा साहेब झाला. बाबांनीच त्याच्या खांद्यावरचं कापड काढून तारे उघडे केले."

मी ओरडलोच. आई स्वयंपाकघरातून धावत आली. खरंच, इतका आनंद मला माझ्या निकालाचाही झाला नव्हता.



"त्या फोटोच्या दोनच प्रती होत्या ना, एक आमच्याकडे, एक तुझ्याकडे," ती मग म्हणाली. "आमची फ्रेम तर कधी उघडलीच नव्हती. तूच केलंस हे दादालाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याने अकादमीत सांगितलं, पान आपण स्वतःच केलंय. मला म्हणाला, दीपक स्वतः सांगेल, तू बोलू नकोस. म्हणून मी वाट बघत होते."