पाठवणीचं राहिलेलं रडणं

माझी मोठी जाऊ लाडकी म्हणजे आमच्या सूर्यमाळची पाणपोई, पण उलटी. पाणपोई पाणी पाजते, ही पिऊन टाकते. भर उन्हाळ्यात झऱ्यावरून हंडा आणायचा, तर घरी येईस्तोवर तांब्याभर पाणी हिच्या पोटात. नागलीच्या भाकरीचा घास घेतला की वर पाण्याचा घोट. घोट नसला तर घास तोंडातच रुसून बसायचा. मी म्हणायची, "जाऊबाई, तुमच्यापुरती वेगळी विहीर खणू का?" ती हसायची, तेही ओठ चिरतील म्हणून बेतानं.

साखर असेल म्हणून रक्त तपासलं, तर साखर नाय. मग गोजाबाई शेजारणीनं पाडाभर करून टाकलं की ही चोरून दारू पिते.

त्यात प्रगतीचं लग्न आलं. लाडकीची एकुलती एक लेक, खोडाळ्याला दिलेली. आमच्याकडे पाठवणीला बायका नवरीला सोडून तिच्या आईकडे बघतात, किती रडते ते. मी रडले, शेजारणी रडल्या, गोजाबाई तर परक्याच्या लेकीसाठी पदर पिळायची वेळ येईस्तोवर रडली. आणि लाडकी उभी, तोंड वाकडं, डोळे लाल, पण पाण्याचा टिपूस नाय. "आई कसली, दगड आहे," गोजाबाई म्हणाली. ते गाडीत बसताना प्रगतीनं ऐकलं.

पोरीनं मनाला लावून घेतलं. दिवाळी गेली, होळी गेली, माहेरी पाऊल नाय. फोनवर माझ्याशी गोड बोलायची, आईचं नाव काढलं की तिची रेंज जायची. इकडे लाडकी झुरत चाललेली. मला दोघींचा राग यायचा, लेकीचा आणि गोजाबाईचा. गोजाबाईचा जरा जास्त.

पुढं लाडकीच्या दाढा किडल्या, म्हणून तिला जव्हारच्या दवाखान्यात नेली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात छोटा आरसा घातला, तर तो आतून गालालाच चिकटला. ओढला तर गालही बरोबर आला. मला हसू आवरेना. बाई मात्र हसल्या नाहीत.

"डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं का?"

"रोजच होतं," लाडकी म्हणाली. "आमच्या माळावर वाराच तसा."

बाईंनी आम्हाला नाशिकला धाडलं. तिथं रक्त घेतलं, ओठाच्या आतला बारीक तुकडा काढला, आणि खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून ठेवली. डोळ्याला पाणी किती येतं ते पट्टी सांगते म्हणे. पट्टी निघाली कोरडी ठणठणीत.

पुन्हा गेलो तेव्हा डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, शोग्रेन. शरीराची राखण करणारी शक्तीच उलटते आणि लाळेच्या, आसवांच्या ग्रंथींवर तुटून पडते. "मुळापासून जात नाही, पण औषधं घेतलीत, दात आणि डोळे सांभाळलेत, तर त्रास आटोक्यात राहील," ते म्हणाले. "रडलात तरी आसवं येत नसतील ना?"

मी खुर्चीवरून उठलेच. "साहेब, एवढं जरा फोनवर सांगता?"

डॉक्टर भला माणूस. प्रगतीला सगळं सांगितलं. मग लाडकीनं फोन घेतला. "लई रडले होते गं," ती म्हणाली. "बाहेर काय आलंच नाय."

या वेळी रेंज होती. पलीकडून हुंदका ऐकू आला.

रविवारी प्रगती आली ती दारातच आईच्या गळ्यात पडली. दिवसभर दोघी मला विसरूनच गेल्या. निघायची वेळ झाली तशी लाडकीनं डॉक्टरांनी दिलेली डोळ्यांच्या थेंबांची बाटली काढली. मी लगेच गोजाबाईला हाक मारून बोलावलं. लाडकीनं मान वर करून दोन्ही डोळ्यांत थेंब सोडले, सांगितले होते त्याहून जास्तच, आणि गालांवर ओघळ आले.

"घे," ती लेकीला म्हणाली, "पाठवणीचं राहिलं होतं."

आम्ही हसून हसून खालीच बसलो, गोजाबाईसुद्धा. प्रगतीनं पदरानं आईचे गाल पुसले आणि ओला पदर मुठीत धरून ती खोडाळ्याच्या गाडीत बसली.