शकुनं कापलेलं जॅकेट

शकु माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या पेटीत लुगडी कमी अन् नायलॉनचं सूत जास्त. सासूबाईंनी झाकण उघडलं अन् म्हणाल्या, "माय व, सून आणली का जाळं आणलं?" नदीकाठच्या ढिवराची पोर ती. जाळं विणायला बसली की बांबूची सुई अशी चालायची की बघणाऱ्याचे डोळे थकत, तिचा हात थकत नसे. बोलणंही तसंच, गाठीवर गाठ. माझा दीर मोतीलाल मात्र अबोल. तिने दहा वाक्यं बोलावी अन् त्याने शेवटी "हौ" म्हणावं, असा त्यांचा तीस वर्षांचा संसार.

आमचं गाव आष्टीकडचं, धरणाच्या अगदी काठाला. माणसं पाण्यात, बाया जाळ्यात अन् तळेगावच्या बाजारात. शकुच्या हातचं जाळं घ्यायला पलीकडच्या काठाचे लोक येत. मी तिची थोरली, पण जाळ्याच्या बाबतीत तिच्यासमोर सूत धरून बसण्यापुरतीच.

चार वर्षांपूर्वी आमच्या मच्छीमार संस्थेत बारा जॅकेटं आली. नारंगी, फुगीर. कुठून तरी एक साहेब आले होते. त्यांनी बारा माणसांना काठावर उभं करून ती घालायला लावली अन् फोटो काढला. उन्हात उभी ती माणसं थेट संत्र्याची पेटी दिसत होती. साहेब गेले, जॅकेटं उतरली. ढिवराच्या लेकरानं तरंगायचं कापड घालून पाण्यात जायचं म्हणजे म्हशीनं छत्री घेऊन डोहात बसायचं! अध्यक्ष बापूरावांनी आपलं जॅकेट मोटारसायकलच्या सीटवर बांधलं. त्यांना मूळव्याधीचा त्रास. कुणी उशाला घेतलं. एक तर वावरात बुजगावण्याच्या अंगावर गेलं, अन् खरं सांगते, बारांमध्ये नीट घातलेलं तेवढं एकच.

मोतीलाल तेवढा आपलं जॅकेट रोज डोंग्यात न्यायचा. घालायचा नाही, पण वारा सुटला की गळ्यात अडकवायचा. लोक हसत.

"काऊन बे मोत्या, बुडाचं भेव वाटते काय?"

"साहेब इतक्या दुरून सांगाले आलते," तो म्हणायचा, "वाईट दिसते ना."

आता शकुचं सांगते. जाळं पाण्यात उभं राहावं म्हणून त्याला खाली शिशाच्या गोळ्या बांधतात अन् वर तरंगणारे तुकडे. आमच्याकडे ते तुकडे थर्माकोलचे. पण थर्माकोल उन्हानं भुरभुरतं. दर महिन्याला तुकडे बदला, पुन्हा दोरा ओवा. एक दिवस माझ्या नवऱ्याला मिळालेल्या जॅकेटची शिवण उसवलेली शकुला दिसली. तिने आत बोट घातलं, मग चार बोटं.

"बाई, हे पाहा व. हे भुरभुरत नाई."

तिने त्यातला पांढरा फोम काढला, बोटाएवढा तुकडा कापला, त्याला खडा बांधला अन् बादलीत सोडला. तुकडा वरच. मोठा खडा बांधला. तरी वरच. बादलीपुढे बसून ती अशी हसली की जसं पहिलं लेकरू चालायला लागलं.

आमचं जॅकेट आधी कापलं गेलं. त्या तुकड्यांचं जाळं पाण्यात भिंतीसारखं उभं राहिलं. मग काय, बाया आपापल्या घरची जॅकेटं घेऊन शकुच्या ओट्यावर. "शकुबाई, आमचंही करून दे व." आठ जॅकेटं तिने कापली. जन्मभर जिच्या जिभेला लोक नावं ठेवत, तिच्या अकलेचं कौतुक होऊ लागलं. तिचं पाऊल थोडं उचलून पडू लागलं, अन् मीही तिच्यासोबत मिरवून घेतलं.

मग तिने घरच्यासाठी मोठं जाळं विणायला घेतलं. सगळं झालं अन् वरचे थोडे तुकडे कमी पडले. दुपार होती. मोतीलाल जेवत होता, मी दोरा धरून बसले होते. शकुनं खुंटीवरचं जॅकेट काढलं.

"तुमचं कापू का?"

मोतीलालनं घास गिळला. "काप. मले पोहता येते ना."

कात्री माझ्याजवळ होती. मीच पुढे केली.

भादव्यात धरण काठोकाठ भरलेलं. मोतीलाल सकाळी ते जाळं उचलायला एकटाच गेला. नऊच्या सुमारास वारा उठला. दूरच्या डोंग्यातल्या कैलासनं त्याचा डोंगा उलटताना पाहिला. वल्ही मारत तो पोचला तोवर फार वेळ झाला होता. जाळं जागचं हललं नव्हतं. पांढरे तुकडे ओळीनं पाण्यावर बसले होते, अन् एका ठिकाणी ती ओळ आत ओढली गेली होती. तिथे मोतीलाल सापडला. पाय जाळ्यात अडकलेला. हात मोकळेच होते. तोंड पाण्याच्या वर राहिलं असतं तर दम धरून पाय सोडवायला त्याला कितीसा वेळ लागला असता!

काठावर शकु रडली नाही. माझ्या कानाला लागून एवढंच म्हणाली, "बाई, जाळं वर होतं." त्यानंतर तिने सुई हातात धरली नाही.

गावात कुणी तिला एका शब्दानं बोललं नाही. बोललं असतं तर आपापलं जॅकेट कुठे गेलं हेही सांगावं लागलं असतं.

तिचा एकुलता एक मुकेश तेव्हा सिंदीला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. बाप गेला तसा नोकरी सोडून परत आला. डोंगा दुरुस्त केला, तेच जाळं घेतलं, बापाच्या जागी संस्थेत नाव लावलं. शकुनं आपल्या भाच्याकडून नागपूरहून नवं जॅकेट मागवलं, मुकेशच्या हातात दिलं. त्याने ते खुंटीला लावलं.

"घाल ना बाबू."

"कायले घालू? बाबांपाशी होतंच ना? दर वाऱ्याले गळ्यात टाकत होते. काय कामी आलं? ज्याची वेळ आली तो जाते, माय."

त्याला वाटे, जॅकेट अंगात असूनच बाप बुडाला. कापल्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. अन् शकुचं तोंड, जे कधी बंद होत नसे, ते इथे येऊन बंद व्हायचं.

माघातली गोष्ट. मुकेश एका दुपारी ओलाचिंब घरी आला. वाऱ्यानं डोंगा कलंडला, हा पाण्यात पडला, डोंग्याला धरून काठाला लागला. हसतच सांगत होता. शकुचे हात परातीतल्या पिठात तसेच राहिले.

"हसतं कायले रे मेल्या?"

"अव, काही नाई झालं. मले पोहता येते ना!"

शकुनं माझ्याकडे पाहिलं. तेच शब्द, तोच सूर. त्या दिवशी तिच्या भाकरी करपल्या.

दुसऱ्या सकाळी मुकेश अंगणात जाळं गोळा करत होता, मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. शकु बाहेर आली अन् पदरानं हात पुसत उभी राहिली.

"मुकेश, तुह्या बाबाच्या अंगात जॅकेट नव्हतं."

"म्हंजे?"

"मी कापलं होतं. जाळ्याले तुकडे कमी पडले म्हून."

मुकेशचे हात थांबले. त्याने जाळ्याची वरची कड उचलली अन् पांढऱ्या तुकड्यांकडे पाहिलं.

"हे?"

"हौ. त्यातले बाबाचे कोन्ते, आता मलेही नाई सांगता येत."

पाच महिने तो त्याच जाळ्यानं मासे धरत होता. त्यानं ते हातातून सोडलं. आईकडे बघितलं नाही. घरात गेला, खुंटीवरचं नवं जॅकेट घातलं, डोंगा पाहून येतो असं मला सांगितलं अन् निघून गेला. मला सांगितलं, तिला नाही.

मी शकुला धरलं. "अर्धीच गोष्ट काऊन सांगितली व? मोतीलालनं स्वतःच म्हटलं होतं, काप म्हून. मी तिथं बसली होती."

"मेलेल्या माणसावर टाकू काय?"

"खरं ते खरं."

"बाई," ती म्हणाली, "बाबा काय म्हणाले हे त्याले कळलं तं तो तेच धरून बसन. बाबाले पोहता येत होतं, मलेही येते. मंग तो जॅकेट घालन काय? माह्यावर राग आला तं घालन. तुम्ही सांगू नोका."

 माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या बाईला एवढा हिशेब सुचला नसता. तिला तर शाळाही माहीत नाही.

तेव्हापासून मुकेश जॅकेट घातल्याशिवाय डोंग्यात पाय ठेवत नाही. नवं जाळं त्याने बाहेरून विकत आणलं. आईशी मात्र बोलत नाही. तिने वाढलेलं खातो, मीठ कमी असलं तर मला सांगतो. मी तिला सांगते. दोन हातांवर बसलेली माणसं, अन् मधे मी टपालखातं.

मागच्या आठवड्यात तो निघताना माझ्याजवळ येऊन बसला. शकु चुलीपाशी होती.

"मोठ्याई, तुले माहीत होतं?"

"हौ."

"बाबांनं तिले नाई म्हटलं नसन काय? त्यांनं अडवलं नसन?"

जिभेवर आलं होतं माझ्या. त्या दुपारचा घास, त्याचे ते शब्द, सगळं. हे पोरगं आईसाठी कुठे तरी फट शोधत होतं, माझ्या लक्षात आलं. एक वाक्य बोलले असते तर तो उठून चुलीपाशी गेला असता. शकुनं मान वर केली नाही, पण तिची फुंकणी थांबली होती. बाहेर वारा होता.

"तुह्या बाबाले तिनं विचारलंच नव्हतं," मी म्हटलं.

 मुकेश उठला, जॅकेट अंगात घातलं, एकेक पट्टा ओढून बंद केला अन् गेला. मुकेश काही वाचणाऱ्यातला नाही, म्हणून इथे खरं लिहिते आहे.

तो दूर गेल्यावर शकुनं विचारलं, "पट्टे लावले काय त्यानं?"

"तिन्ही लावले."

तिने फुंकणी उचलली अन् चुलीत फुंकर घातली.