दोन साड्यांमधलं कापड

आमच्या घरात शिवायला कापड विकत आणल्याचं मला आठवत नाही. ते मोर्चातून यायचं. मोर्चा संपला की कापडी फलक गुंडाळून बाबांच्या खांद्यावरून घरी यायचे. आई ते विहिरीवर नेऊन आपटायची, वाळवायची आणि ट्रंकेत टाकायची. पुढच्या मोर्चाला घोषणा बदललेली असायची, म्हणून जुन्या कापडाचं आई दुसरं काहीतरी करायची. उशांचे अभ्रे, तांदळाच्या पिशव्या, आमच्या शाळेची दप्तरं. माझ्या दप्तरावर आतल्या बाजूने ‘रद्द करा’ असं लिहिलेलं होतं. बाईंनी विचारलं, काय रद्द करायचं गं? मी म्हटलं, वरचा भाग ताईच्या दप्तरात आहे.

मी अक्षरं शिकले तीसुद्धा पत्रकांवरून. गुलाबी, पिवळे, स्वस्त कागद, हाताला शाई लागणारे. ‘आपली खारजमीन आपली भाकरी’ हे मला बाराखडीच्या आधी वाचता येत होतं. बाबा आसपासच्या गावांच्या समितीचं काम करायचे. खाडीकाठची भातशेती एका कंपनीला हवी होती, आणि ती द्यायची नाही, एवढंच ते काम होतं. पत्रकं बाबा लिहायचे. फलक ताई रंगवायची. तिच्यासारखं अक्षर पंचक्रोशीत कोणाचं नव्हतं. मांजरपाट अंगणात ताणून, कपडे रंगवायचा लाल रंग खळीत कालवून ती आधी खडूने रेघ न मारता सरळ लिहीत जायची. तिचा ‘क’ मी लांबून ओळखायचे. त्याच्या पोटाला ती थोडा जास्त गोल द्यायची.

हाताने केलेल्या वस्तूंबद्दल हल्ली फार गोड बोललं जातं. किहीमकडच्या बंगल्यांमधून गोधड्या भिंतीवर टांगलेल्या मी पाहिल्या आहेत. मला त्या बघून चीड येते. ज्या बाईने ती शिवली तिच्याकडे पांघरूण नव्हतं म्हणून ती शिवली गेली, हे त्या भिंतीला कोण सांगणार? पण ज्या गोधडीबद्दल मी लिहिते आहे ती मात्र गरजेपोटी शिवलेली नव्हती. ती आईने ताईच्या बाळासाठी शिवली, आणि तिच्यावर आईने फार मोठं काम टाकलं होतं.

ताईचं लग्न खाडीपलीकडच्या गावात झालं. स्थळ बघताना ते लोक समितीतलेच होते, म्हणून बाबा खूश होते. लग्नाला वर्ष व्हायच्या आत त्या लोकांनी कंपनीला जमीन विकली. पुढे त्या पैशातून दारात डंपर आले, जुन्या घराच्या जागी स्लॅब पडला. बाबांनी भांडण केलं नाही. फक्त त्या घरी जायचं थांबवलं. सणाला भावोजी यायचे तेव्हा बाबांना नेमकं शेतावर काहीतरी काम निघायचं. ताईने येणं कमी केलं. आली तरी सासरचं काही सांगायची नाही, आमचं काही विचारायची नाही. तिला दिवस गेल्याचं आम्हाला चौथ्या महिन्यात कळलं, तेही फोनवर. आई त्या दिवशी बोलली ते मला लख्ख आठवतं. “पोरीचं माहेर तुटत चाललंय, आणि तुम्ही दोघं बापलेक खरंखोटं करत बसा.”

मी बाबांच्या बाजूची होते. अजूनही आहे. जमीन विकणारा आणि जमीन राखणारा यांच्यामध्ये कुठेतरी सत्य उभं असतं असं मला वाटत नाही. पण आईला सत्य नको होतं. तिला ताईचा येण्याजाण्याचा रस्ता मोकळा हवा होता.

आमच्याकडे पहिल्या बाळाच्या गोधडीला दोन्ही आज्यांच्या साड्या लागतात. खालचा पदर आईच्या आईचा, वरचा बापाच्या आईचा. साडी नेसून मऊ झालेली, सुती हवी. मध्ये घरातलं जे जुनं असेल ते. आजी नसेल तर तिची साडी जपून ठेवलेली असते. दोघींपैकी एकीची साडी नसताना गोधडी शिवली असं मी कोणाच्या घरात पाहिलं नाही. म्हणजे आईला विहीणबाईंकडून साडी मागवायला हवी होती, आणि मागायला कोणीतरी जायला हवं होतं.

“मी नाही जाणार,” मी म्हटलं.

“मग बाबांना पाठवू?” आई म्हणाली.

मी गेले. ताईच्या सासूबाईंना मी मावशी म्हणते. त्यांनी मला त्याच पैशातल्या नव्या सोफ्यावर बसवलं आणि आत जाऊन खूप वेळ कपाटं उघडझाप केली. बाहेर आल्या त्या कपाळाला हात लावून.

“सुती काय राहिलंच न्हाय गो. सगल्या बोहारणीला दिल्या. त्याचे डबे घेतले, ते पण वापरत न्हाय मी. ही बघ, ही ने.” त्यांच्या हातात घडी न मोडलेली, जरीची साडी होती.

“मावशी, बाळाला टोचेल ती.”

“व्हय, टोचंल.” त्या ती मांडीवर घेऊन बसून राहिल्या. मग म्हणाल्या, “एक हाय. पन ती माझ्या आयची. मना या घरात देताना ती हीच नेसली होती.”

ती फिकट, जवळजवळ पांढरी पडलेली साडी होती. काठ विरलेला. त्यांनी ती नाकाशी धरली आणि माझ्या पिशवीत स्वतः घातली. “तुझ्या आयला सांग, कापायला लागली तर मधून काप म्हनावं. पदर ठेव.” दारापर्यंत पोचवताना मला चिमटा काढायलाही त्या विसरल्या नाहीत. “आणि तुझे बाबा? अजून सभाच घेतात का? नातू झाला की त्याला पन मेंबर करतील.”

मी हसले नाही. पण परतीच्या रिक्षात पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही, हेही खरं.

ताई बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात आमच्याकडे आली. त्या दिवसांत आमच्या ओटीवर गोधडी पसरलेली असायची. आई एका टोकाला, मी दुसऱ्या, ताई भिंतीला टेकून सुया ओवून द्यायची. खाली आईची हिरवी साडी, वर मावशींच्या आईची. मधल्या थरासाठी आई माझी जुनी चादर घेणार होती, पण ताई म्हणाली, “ती नको, तिचे गोळे होतात.” ती स्वतः उठून ट्रंकेकडे गेली आणि एक फलक काढून आणला. इतक्या वेळा धुतलेला की हातात धरला तर पाण्यासारखा सांडावा. “हा घे. हा सगळ्यात मऊ आहे.”

त्यावर काय लिहिलं होतं ते आमच्या तिघींपैकी कोणी वाचलं नाही. म्हणजे दिसलं असेलच. आमच्या उशाखाली, पाठीखाली, भाकरीच्या टोपल्यात आयुष्यभर घोषणा होत्या. लाल रंग फिका गुलाबी होऊन बसला होता आणि आमच्या लेखी ती नक्षी झाली होती. आईने फलकाची घडी घातली, बरोबर मध्यावर ठेवली आणि धावदोरा घालायला सुरुवात केली.

बाबा शेतावरून आले की उंबऱ्यात उभे राहून बघायचे. एकदा त्यांनी विचारलं, “वरची कोणाची?”

“विहीणबाईंच्या आईची,” आई म्हणाली.

बाबा पाय धुऊन आले आणि गोधडीच्या कडेला, कापडावर पाय पडणार नाही असे, बसले. ताईने त्यांच्याकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांनी ती दोघं एका जागी बसली होती. आईने मान वर केली नाही, पण तिचे टाके त्या संध्याकाळी चुकून मोठे पडत गेले. मी नंतर उसवून परत घातले.

मुलगा झाला. बारसं आमच्याकडे झालं. व्याही आले, भावोजी आले, मावशी आल्या. मावशींनी गोधडी हातात घेतली, आपल्या आईचा काठ शोधून काढला आणि त्यावर गाल टेकवला. अंगणात बाबा आणि व्याही शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसले होते. खाडीचं पाणी अडवणारी खारबंदिस्ती कुठे फुटली आहे यावर बोलत होते. दोघांनाही त्यातलं कळत होतं. आई स्वयंपाकघरातून मला ढोसून म्हणाली, “बघ. बघितलंस?” मला ते चित्र आवडलं नाही असं मी लिहिलं तर खोटं होईल.

ताई बाळाला घेऊन सासरी गेली. नंतर एका दुपारी भावोजींचा फोन आला. आईने स्पीकरवर टाकला, कारण तिचे हात पिठात होते.

“गोधडीत काय घातलंत तुम्ही?”

आईला वाटलं, बाळाला काही टोचलं. तिने घाबरून विचारलं, “सुई राहिली काय?”

“सुई नाही. वाचा तुम्हीच, फोटो पाठवलाय.”

आमच्याकडे धुणं गार पाण्यात, हाताने होतं. तिथे बाळाचे कपडे मशीनमध्ये, गरम पाण्यात धुतात. आमच्या विहिरीवर कधीचा थांबलेला रंग त्या पाण्यात सुटला होता. फोटोत मावशींच्या आईची साडी होती आणि तिच्यावर, धावदोऱ्याच्या ओळींमधून, गुलाबी, पसरट, पण अगदी वाचता येईल असं वर आलं होतं: विकू नका.

मागून मावशींचा आवाज आला. रडका आणि तिखट, दोन्ही. “माझ्या आयच्या लुगड्यावर लिवलंत? पोराच्या अंगाखाली पन सभा लावलीत? एवढं पोटात होतं तर साडी कशाला मागितलीत?”

“विहीणबाई, देवाशपथ सांगते, मऊ होतं म्हणून…” आई म्हणत राहिली. फोन ठेवला गेला होता.

मऊ होतं म्हणून. कोण विश्वास ठेवणार? मी त्यांच्या जागी असते तर ठेवला नसता. जमीन विकून बांधलेल्या घरात, त्या घरच्या पहिल्या नातवाखाली ‘विकू नका’ अंथरणं, ही चूक होऊ शकते हे फक्त आमच्यासारख्या घराला पटेल.

त्या घरी काय झालं ते ताईने मला नंतर सांगितलं, तालुक्याच्या दवाखान्यात, बाळाच्या डोसाच्या रांगेत. तिथेच आम्ही भेटत होतो तेव्हा. सासऱ्यांनी गोधडी टेबलावर पसरली होती आणि विचारलं होतं, हे कोणी केलं? ताई अक्षराकडे बघत होती. तिचंच होतं. गोल पोटाचा ‘क’. ती दहावीत असताना रंगवलेलं असेल.

“मग काय म्हणालीस?”

तिने बाळाचं टोपडं सारखं केलं. “बाबांनी, म्हटलं.”

“ताई!”

“हळू बोल. ‘बाबांनी आईला न सांगता घातलं,’ म्हटलं. आईचं येणं तरी राहील ना मग. माझं तिकडे येणं राहील.” ती माझ्याकडे बघत नव्हती. “माझं अक्षर म्हटलं असतं, तर मी कुठे राहिले असते? सांग तू. तुला सगळं माहीत असतं.”

नंबर आला आणि ती आत गेली.

घरी येऊन मी आधी आईला नाही, बाबांना सांगितलं. मी संतापले होते. समितीतली निम्मी माणसं फुटली तेव्हा ज्या माणसाने कोणावर खोटा आळ घेतला नाही, त्याच्यावर आपल्याच मुलीने घेतला, हे मला सहन होत नव्हतं. मी म्हटलं, मी जाते, व्याह्यांना तोंडावर सांगते, कोणाचं अक्षर आहे ते दाखवते, घरात वह्या पडल्या आहेत तिच्या.

बाबा विळ्याला धार लावत होते. त्यांनी हात थांबवला नाही.

“तिनं बरोबर सांगितलं.”

“खोटं आहे ते, बाबा.”

“असू दे. तिला तिथं राहायचंय.”

“आणि तुम्हाला?”

त्यांनी विळा उजेडात धरून पाहिला. “मी तसाही जात नव्हतो,” ते म्हणाले.

हे खरं नव्हतं. बारशानंतर त्यांनी व्याह्यांकडे जायचं ठरवलं होतं. फुटलेल्या बांधाची जागा बघायला दोघं एकत्र जाणार होते. बाबांनी त्यासाठी आईकडून सदरा इस्त्री करून घेतला होता. तो खुंटीवर तसाच होता.

त्यांनी कायम सांगितलं ते खरं सांगितलं. निदान मला तरी तसं शिकवलं. त्या दिवशी त्यांनी एक खोटं स्वतःच्या नावावर घेतलं आणि त्याबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत. पत्रकात ओळ कशी लिहायची हे मला कळतं: समोर कोण, मागणी काय, जबाबदार कोण. या गोष्टीत मी तसं लिहायला अनेकदा बसले. जबाबदार कोण, यापुढे माझा हात सरकला नाही.

आता आई महिन्यातून एकदा खाडीपलीकडे जाते. मावशी तिला चहा देतात, तिच्याशी बोलतात. “तुमचा काय दोष, तुमच्या घरातलं माणूसच तसं,” असं म्हणतात, आणि आई मान डोलावते. ती मला हे सांगताना रडली. नवऱ्याविरुद्ध मान डोलावणं, तेही न केलेल्या गोष्टीसाठी, हे त्या चहाचं मोल आहे. ताई सणाला येते, दुपारपुरती. येण्याआधी फोन करते, आणि बाबा शेतावर जातात. आता त्यांना खरंच जावं लागतं. ताई इकडे आल्याचं सासरी कळलं तर चालतं, बाबांना भेटल्याचं कळलं तर चालत नाही.

मागच्या वेळी आई तिकडून परत आली तेव्हा बाबा अंगणात होते. तिने पिशवी खाली ठेवली, चूळ भरली. बाबांनी विचारलं, “चालायला लागला?”

“धरून धरून चालतो.”

“काय धरून?”

आई पदराने तोंड पुसू लागली. “सोफा,” ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली आणि फावडं घेऊन बांधाकडे निघाले.