नकाशातला हिवरमाळ

वाडी सोडली त्या दिवशी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीतली राख डब्यात भरत बसल्या होत्या. बाहेर गाड्या जुंपलेल्या, लष्कराचा जवान घाई करत होता. मामंजी ओरडले, "आगं, पिंपरीत राख मिळत न्हाई व्हय?" रडणाऱ्या बायकाही हसल्या. चीनच्या लढाईचं वर्ष होतं ते. सरावाच्या मैदानासाठी आमची घरं, शेतं सगळं गेलं. आम्ही पिंपरीला आलो, कुणी आळंदीला गेलं, कुणी चाकणला.

चाळीतल्या एका खोलीत संसार मांडला. हे कंपनीत लागले. शिफ्टचा भोंगा, रॉकेलचा स्टोव्ह, नळावरची रांग, सगळं अंगवळणी पडलं. पण शेजारणींनी "गाव कोणतं?" विचारलं की माझी जीभ अडायची. आमची संतूची वाडी. मूळ पुरुषाचं नाव वाडीला, आणि मामंजींचं नावही तेच. लिहितानाही हात अडतो. नवऱ्याचं, सासऱ्याचं नाव बाईनं तोंडानं घेतलं तर त्यांचं आयुष्य घटतं, असं आम्ही मानत होतो. म्हणून घरातल्या आम्ही सगळ्या बायका वाडीला हिवरमाळ म्हणायचो. गड्यांना मात्र हिवरमाळ म्हणजे वरचं गुरं चारायचं रान, तेवढंच.

बऱ्याच वर्षांनी कळलं, ज्यांची राहती घरं गेली त्यांना बदली जागा मिळणार. ह्यांनी आणि भावजींनी एका निवृत्त सुभेदारांना धरून लष्कराच्या जुन्या नकाशाची नक्कल मिळवली. खाटेवर पसरली. नकाशा इंग्रजीत. सुभेदार नावं वाचत गेले. ओढा सापडला, देऊळ सापडलं, वाडी सापडेना. घरांच्या जागेवर हिवरमाळ लिहिलेलं.

"म्हंजी कागदावर आपली घरं न्हाईतच, नुसतं चराऊ रान," भावजी म्हणाले. "कुनी सांगितलं आसंल त्यास्नी?"

"आसंल कुनीतरी दीडशाना," हे म्हणाले.

आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात सुपातच थांबला. मला वाडी सुटायच्या आधीचा तो दिवस आठवला. गडीमाणसं खळ्यावर होती. जीप आली, जवानानं कागद काढून गावाचं नाव विचारलं. मी दाराआड उभी होते. आत्याबाईंनी तोंडावर पदर धरून सांगितलं, हिवरमाळ. दुसरं काय सांगणार होत्या?

आत्याबाई पुन्हा खडे वेचू लागल्या, मी स्टोव्हला पंप मारला. पलीकडे मामंजी आजारानं अंथरुणाला खिळले होते.

पुढे कचेरीतून निरोप आला, तिथे राहिलेलं एखादं जुनं माणूस आणा. आत्याबाई निघाल्या, सोबतीला मी; हे आणि भावजीही आले. साहेबांनी विचारलं, "आजी, नकाशात हिवरमाळ कसं आलं?" आत्याबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. हकिकत मी सांगावी, म्हणजे जबानी माझी होईल, त्यांच्या तोंडून ते नाव निघायला नको, एवढंच त्यांना हवं होतं. एवढ्या पुरुषांसमोर बोलायचं, तेही सासऱ्यांचं नाव घेऊन! मी खाली पायांकडे बघत राहिले.

मग त्याच बोलल्या. "म्याच सांगितलं सायेब. मालकाच्या नावाची वाडी, बाईमानसानं नाव कसं घ्यावं?"

एक कारकून हसला. "आता घ्या की आजी. उखाण्यात घ्या पाहिजे तर!" सगळे हसले, आमचेही दोघं हसले. साहेब म्हणाले, जबानी तुमची, नाव तुम्हीच सांगायला हवं. आत्याबाईंनी तोंडावरचा पदर काढला आणि स्पष्ट म्हटलं, "संतूची वाडी." मग डोळे मिटून उभ्या राहिल्या.

बसमध्ये एवढंच म्हणाल्या, "त्यास्नी सांगू नगं." घरी आल्या आल्या मामंजींचे पाय चेपायला बसल्या.

मामंजी पुढच्या पावसाळ्यात गेले. वय झालं होतं, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण आत्याबाई त्या दिवसापासून कमी बोलू लागल्या. मला एका शब्दानं कधी बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

चाकणच्या अंगाला जागा मिळाली, विटांचं घर झालं. जावा येतात, भिंतींवरून हात फिरवतात, म्हणतात, आपली वाडी परत मिळाली. मी चहा ठेवायच्या निमित्तानं उठते. घर म्हटलं की मला आता वाडीही आठवत नाही आणि हे घरही नाही. ती कचेरी आठवते, आणि माझ्याकडे वळलेली आत्याबाईंची मान.