महाळुंगाला लिंबू लिहिलं

परळच्या आमच्या चाळीमागे, नळाच्या कट्ट्याजवळ महाळुंगाचं झाड होतं. शेवंतीकाकींचे यजमान गुणाजी यांनी गिरणी बंद पडली त्या सुमारास कणकवलीकडच्या गावातून त्याचं रोप आणलं होतं. गुणाजी गेले, झाड राहिलं. काटेरी फांद्या आणि नारळाएवढी, खडबडीत सालीची पिवळी फळं.

काकींचा अर्धा दिवस त्या झाडापायी जायचा. जाड सालीचा मुरांबा, कच्च्या फोडींचं लोणचं, पित्त झालेल्याला आंबट गर साखरेबरोबर, सुकवलेली साल कपड्यांच्या ट्रंकेत. पूजेला अख्खं फळ हवं असलं की माणसं दादरच्या बाजारात न जाता काकींच्या दारात यायची. काकी मुळातच तापट. विचारल्याशिवाय कोणी फांदीला हात लावला तर चारही मजल्यांना ऐकू जायचं.

गेल्या मार्चात काकी नातीच्या साखरपुड्याला ठाण्याला गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी परतल्या तेव्हा दोन माणसं झाडावर करवत चालवत होती. अर्धं झाड जमिनीवर पडलं होतं. काकींनी पिशवी टाकली आणि खोडाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"आजी, बाजूला व्हा, लागेल."

"लागू दे! कोणी सांगितलं तोडायला?"

मुकादमाने कागद दाखवला. चाळीच्या जागी टॉवर बांधणाऱ्या बिल्डरने आवारातल्या झाडांची यादी केली होती. आंबा एक, अशोक तीन, आणि शेवटी, 'लिंबू, झुडूप, परवानगी नको.' खाली सही वैभवची. वैभव म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या चंपाचा मुलगा, बिल्डरकडे सर्व्हेचं काम करणारा.

काकींनी सही वाचली. खाली पडलेलं एक फळ उचलून त्या तशाच साइट ऑफिसात गेल्या. आम्ही दोघी-तिघी मागून धावलो.

काकींनी फळ वैभवच्या कीबोर्डवर आदळलं.

"ह्यां काय?"

"काकी, आधी बसा ना."

"बसूक नाय इलंय मी. ह्यां काय, ता सांग."

"महाळुंग," तो पुटपुटला.

"मग लिंबू कशाक लिवलंस?"

"सर्व्हेच्या ॲपमध्ये महाळुंग नावच नव्हतं, काकी. यादीतून एक निवडावंच लागतं. जवळचं म्हणून लिंबू घेतलं. लिंबू घेतलं की झुडूप आपोआप येतं."

"जवळचं? मग पीळ. कर माका सरबत."

त्याचे साहेब हितेंद्र हसले. "आजी, नव्या बिल्डिंगमध्ये गार्डन देतोय ना आम्ही."

काकींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. टेबलावरचा कटर घेऊन फळ चिरलं. आत बोटभर जाड पांढरा थर, मधोमध जरासा आंबट गर. वैभवसमोर मुठीत दाबलं. चार थेंब पडले.

"तुझ्या वेळी चंपाच्या, तुझ्या आवशीच्या पोटात पाणी ठरत नव्हतां. ह्याच्या फोडी चोखून ती जेवली. साहेबाला माहीत नाही, तो चुकला म्हणेन मी. तू चुकला नाहीस रे. तू माहीत असून लिहिलंस!"

साहेबांचं हसू थांबलं.

दुसऱ्या दिवशी चाळीतल्या अकरा बायका सह्यांचा अर्ज घेऊन पालिकेत गेल्या. पाहणीला अधिकारी आले तेव्हा वैभवने साहेबांच्या देखत, हाताने लिहून दिलं, 'महाळुंग, वृक्ष. आधीची नोंद माझी चूक.' तोडणं थांबलं. उरलेलं झाड मुळांसकट काढून फाटकाजवळच्या कोपऱ्यात लावायचं ठरलं. वैभवची त्या कामावरून बदली झाली.

हलवल्यावर झाडाची सगळी पानं गळली. दोन फांद्या वाळल्या, एक जगली. यंदा फळ नाही. काकींच्या बरण्या रिकाम्या आहेत आणि कोणी लोणचं मागितलं तर त्या दारच लावून घेतात.

चंपा समजूत घालायला गेली होती. "पोराने सुधारलं ना गं?"

"कागद सुधारला," काकी म्हणाल्या, "मला कागदाचा मुरांबा करता येत नाही."

वैभव आता कामावर जाण्याआधी झाडाला बादलीभर पाणी घालतो. काकी गॅलरीत उभ्या असतात. गेल्या तीन महिन्यांत त्या त्याच्याशी एकदाच बोलल्या, तेही वरून ओरडून.

"खोडावर काय ओततोस, मेल्या! मुळात घाल!"