मोहाखालची झाडलेली जागा

चैत्रातली पहाट, खराट्यानं लख्ख झाडलेली तांबूस माती, आणि तिच्यावर टप्... टप् पडणारी मोहाची फुलं — फिकट पिवळी, रसानं भरलेली, तान्ह्या बाळाच्या गालासारखी मऊ... तो दाट, गोड, किंचित आंबूस वास आला की आजही माझे पाय चपलेतून आपोआप बाहेर येतात!

चंद्रपूरच्या परकोटाबाहेर, आज जिथं आमची कॉलनी आहे, तिथं तेव्हा सात-आठ कुडाची घरं, कोळशाच्या ट्रकांचा धुळकट रस्ता आणि मधोमध हा मोह होता. झाड कुणाच्या नावावर नव्हतं, पण त्याचा कायदा पक्का होता. फुलं गळायच्या आधी जो झाडाखालची जागा झाडून काढील, त्याचा त्या वर्षीचा मोह. झाडलेली जागा दिसली की दुसरा माणूस टोपली घेऊन मुकाट मागं फिरे. दरसाल झाडायची ती शेजारची मैनाबाई. तिचं जिवतीकडचं गोंड कुटुंब आम्हा सगळ्यांच्या आधीपासून इथं होतं.

मी नऊ वर्षांची होते, आणि दुसऱ्याच्या हातातलं आपल्या हातात कसं येईल, हे मला तेव्हाही बरोबर सुचे. होळीच्या दुसऱ्या दिवशी, सारी वस्ती रंगात असताना, मी मायचा खराटा उचलला नि एकटीनं अख्खी जागा झाडून काढली. वाटलं, जणू राज्यच जिंकलं!

दुसऱ्या सकाळी मैनाबाई आली. जागा पाहिली. आणि मागं फिरली.

मी धावत गेले. "मैनाबाई, काऊन चालली?"

"तू झाडली, तुही झाली."

"माह्यावर चिडत नाई का?"

"चिडून का करू? बुडाजवळचा कोपरा सुटला, तेवढा झाडजो."

भांडायची सगळी तयारी करून ठेवलेली, आणि ही बाई भांडेचना! मलाच राग आला. "मग अर्धं-अर्धं कर! उगवतीकडचं तुहं, मावळतीकडचं माहं!"

ती खदखदून हसली. "झाड का लुगडं होय वं, फाडून वाटाले? दोघी मिळून वेचू."

काय तो चैत्र! झाडलेल्या जागेवर अनवाणीच जायचं, फांदी हलवायची नाही, पडेल तेच घ्यायचं, पहिली ओंजळ बुंध्याशी ठेवायची — हे सारं तिनं शिकवलं. छपराच्या कवेलूंवर वाळून मनुकांसारखी झालेली फुलं, तिळाबरोबर कुटलेले त्यांचे लाडू, आणि माझ्या केसांतला तो वास, ज्यापायी शाळेतल्या बाईंनी मला खिडकीशी बसवलं...

पुढं मैनाबाई गेली, घरं गेली, प्लॉट पडले. मी शून्यातून लोखंड-सिमेंटचं दुकान उभं केलं. मागच्या वर्षी कॉलनीच्या कमिटीनं प्रवेशकमानीसाठी मोह तोडायचं ठरवलं. मी बैठकीत उभी राहिले.

"काकू, एका झाडापायी एवढ्या तापता काऊन?" अध्यक्ष म्हणाले.

"तापू नाई त् का करू? माह्या दुकानासमोरची पट्टी घ्या, कमान तिकडं सरकवा. पण मोहाले कुऱ्हाड लागली त् मी आडवी पडन!"

सौदा झाला. झाड वाचलं. पण कमानीच्या पाटीवर त्यांनी कोरलं — 'पूर्वी येथे ओसाड माळ होता.' ओसाड! तो शब्द वाचला की आजही माझं डोकं फिरतं. मैनाबाईचं नाव घाला म्हटलं, तर म्हणाले, "तिचं रेकॉर्ड नाई ना, काकू." तिचं रेकॉर्ड दर फाल्गुनात खराट्यानं मातीवर लिहिलं जाई, ते वाचणारं कुणी उरलं नाही, एवढंच.

यंदा होळी झाली नि मी खराटा घेऊन मोहाखाली गेले. लोकांना वाटलं, काकूंना स्वच्छतेचं वेड लागलं. झाडलेल्या जागेवरून ते खुशाल चालत गेले... गाड्या लावल्या...

मग एका पहाटे, पहिली फुलं पडली तेव्हा, धानोऱ्याकडच्या जंगलातून नवीन आलेली चौकीदाराची बायको टोपली घेऊन आली. मातीच्या कडेला थबकली. स्वच्छ झाडलेली जागा पाहिली — आणि मागं फिरली.

"अवं बाई, थांब!" मी ओरडले. "दोघी मिळून वेचू!"

तिनं चपला काढल्या. आणि मी काही सांगायच्या आत पहिली ओंजळ बुंध्याशी ठेवली.