गोणी, नऊ तक्ते आणि लग्नातला कोट

पंधरा वर्षांचं बालशिक्षण मी एका निळ्या बादलीच्या बदल्यात भंगारवाल्याला देऊन टाकलं.

हा माझा एकमेव गुन्हा नाही. डोंबिवलीच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर माझी बायको सुनंदा बालवर्ग चालवायची. इमारत पुनर्विकासाला गेली आणि वर्ग बंद पडला. संमतीपत्रावर पहिली सही माझी होती. (तिला विचारलं नव्हतं. हेही लिहून ठेवतो.) त्यामुळे घोडबंदर रोडच्या एका मोठ्या शाळेतून तिला मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा ही नोकरी तिला मिळवून द्यायचीच, असं मी ठरवलं. माझ्या पापक्षालनाची ती शेवटची संधी होती!

सोबत शाळेने शब्दांची यादी पाठवली होती. स्कॅफोल्डिंग, पॅरलल प्ले, फाइन मोटर स्किल्स, ओपन-एंडेड साहित्य. मी सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळतो. कळत नसलेला मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवणं हा माझा व्यवसायच आहे. मी नऊ तक्ते केले, लॅमिनेट केले आणि स्वयंपाकघरात टांगले.

"स्कॅफोल्डिंग म्हणजे काय?"

"अहो, कुकरच्या शिट्ट्या मोजतेय मी."

"मुलाच्या निकटवर्ती विकासक्षेत्रात प्रौढाने दिलेला तात्पुरता आधार! म्हण."

"म्हणजे जिना चढताना पोराला बोट द्यायचं आणि जमायला लागलं की काढून घ्यायचं."

"हे उत्तर चालणार नाही, सुनंदा. हे लगेच कळतंय!"

मुलाखतीला मीही निघालो. लग्नातला कोट घालून. (मुलाखत तिची होती, हे मला माहीत होतं.) घोडबंदर रोडच्या कोंडीत रिक्षा तासभर अडकली. मी उजळणी थांबवली नाही.

"पॅरलल प्ले?"

"शेजारी शेजारी बसून आपापलं खेळणं," रिक्षावाला म्हणाला. त्याचंही पाठ झालं होतं!

शाळेच्या फाटकात सुनंदाने हात पुढे केला. "गोणी द्या."

"कसली गोणी?"

"झाकणं, बटणं, शिंपले, चिंचोके, रिकामी रिळं. त्यावरच तर पाठ घेणार आहे मी. तुम्ही म्हणालात ना, 'साहित्य मी घेतो'?"

मी तक्त्यांची गुंडाळी वर केली.

"अहो... गोणी कुठाय?"

"घर हलवताना... मला वाटलं कचरा... ती निळी बादली आहे ना..."

"आज सकाळी मी त्या बादलीचं कौतुक केलं, तेव्हा गप्प बसलात!"

तेवढ्यात आत बोलावलं. तक्ते घेऊन मीही तिच्या मागोमाग शिरलो. सतरंजीवर तीन-साडेतीन वर्षांची सात मुलं बसली होती. कोपऱ्यात मुख्याध्यापिकाबाई वही घेऊन बसल्या होत्या. एका मुलाने भोकाड पसरलं, त्याचं पाहून दुसऱ्याने. सुनंदाचे हात रिकामे होते. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि मग मला नखशिखांत न्याहाळलं. चोवीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे इतकं बारकाईने कधी पाहिलं नव्हतं.

"अहो, खाली बसा. खिसे रिकामे करा."

चाव्या, चष्म्याची डबी, रुमाल, कंगवा, जेवणाचा डबा! रडणं थांबलं. दोघांनी माझा एकेक बूट ताब्यात घेतला आणि एकमेकांकडे न बघता नाड्या सोडायला सुरुवात केली. (पॅरलल प्ले! रिक्षावाला हवा होता.) दोघांनी तक्त्यांचा बोगदा करून त्यातून चाव्या पलीकडे ढकलल्या. "तक्ते फारच उपयोगी आहेत," बाई म्हणाल्या. माझी मान ताठ झाली.

एक चिमुरडी मात्र माझ्या कोटाचं बटण लावायला बसली. ते बटण गेल्या दहा वर्षांत मलाही लागलेलं नाही. ती ओठ चावून ओढत होती. तिचे डोळे भरून आले, तसा मी हात पुढे केला. सुनंदाने माझ्या हातावर चापट मारली.

"तिला जमेल. तुम्ही फक्त पोट आत घ्या."

मी घेतलं. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. आणि बटण काजात गेलं!

"लागलं!" ती किंचाळली. साती जणांनी टाळ्या पिटल्या. बाईंनीही. तात्पुरता आधार म्हणजे काय, हे नऊ तक्ते लिहून मला कळलं नव्हतं. श्वास कोंडल्यावर कळलं.

"याला आम्ही स्कॅफोल्डिंग म्हणतो," बाई म्हणाल्या.

"हो का?" सुनंदा म्हणाली. "मी याला जरा थांबणं म्हणते."

बाईंनी वही मिटली. "सोमवारपासून या." सुनंदाने माझ्याकडे बघून चक्क डोळा मिचकावला! पुनर्विकास माफ झाला. बादलीचं अजून बघू.

निघताना मी अनवाणी, मोजे हातात, बूट शोधत होतो. बाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे साहित्य तुम्ही स्वतः तयार केलंत?"

"हो," सुनंदा म्हणाली. "चोवीस वर्षं लागली. अजून कच्चंच आहे."